नऊची बॅच

माझ्या नावाची एक शाळा होती, असं मी सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. देणगीबिणगी देणाऱ्या घराण्यातली दिसते, असं त्यांना वाटत असावं. मग खुलासा करावा लागतो की ती मोटार शिकवायची शाळा होती. तिला वर्ग एकच होता, तोही चार चाकांवरचा, आणि तिचे मालक, मुख्याध्यापक आणि शिपाई हे तिन्ही माझे वडीलच होते. ‘शुभदा मोटर ट्रेनिंग स्कूल’ अशी पाटी विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातल्या आमच्या चाळीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर टांगलेली होती. गिरणीच्या पिठाने ती कायम पांढरी व्हायची आणि दर रविवारी मला स्टुलावर चढून स्वतःचं नाव पुसावं लागायचं.

बाबा आधी मुंबईत एका कंपनीच्या साहेबांचे ड्रायव्हर होते. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले आणि जाताना आपली जुनी गाडी बाबांना देऊन गेले. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असलेली, दिसायला पेटीसारखी, राखाडी रंगाची ती गाडी चाळीच्या आवारात पहिल्यांदा आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं आणि शेजारच्या भाभींनी मिरची-लिंबू बांधलं. बाबांना नोकरी पुष्कळ मिळाली असती, पण वीस वर्षं दुसऱ्याच्या मागच्या सीटवरून हुकूम ऐकल्यावर त्यांना आता कुणाला तरी हुकूम सोडायचे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांनी शाळेचा परवाना काढला, शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लचची दुसरी जोडी बसवली, आणि महिन्याभरात सगळा मनवेलपाडा त्यांना ‘सर’ म्हणू लागला. ही पदवी त्यांना इतकी आवडली की घरात आईने ‘अहो’ म्हटलं तर कधीकधी त्यांना ऐकूच यायचं नाही.

आमच्या घरी सकाळ पाण्याने सुरू व्हायची. पाच वाजता नळ खाकरायचा, मग फुसफुसायचा, आणि त्या फुसफुशीला चाळीतल्या सगळ्या बायका एकदम उठायच्या. कळशांचा खणखणाट, स्टोव्हची भरभर, गिरणीचा पट्टा चढवल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर बाबांच्या गाडीचा सेल्फ. आई तोवर डब्यांना लागलेली असायची. आम्ही घाटावरचे, साताऱ्याकडचे, पण आईने विरारला आल्यावर शेजारणींकडून सुकट आणि बोंबील शिकून घेतले होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकटीचं कालवण हा आमच्या घरचा शोध होता. अजून तो वास आला की मला भूक लागते, आणि माझ्या सुना नाकाला पदर लावतात. सुनांना काय कळतंय! तर आईचं पाणी, झाडणं, बाबांचा डबा, माझा डबा, धाकट्या भावाचा डबा, भांडी आणि धुणं हे सगळं उरकायला नऊ वाजायचे. हे नऊ लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट नऊ वाजताचीच आहे.

शाळेच्या सकाळच्या बॅचा चार होत्या. सहा, सात आणि आठला पुरुष असायचे. बँकेतले, कारखान्यातले, आखातात ड्रायव्हर म्हणून जायचं स्वप्न बघणारे. नऊची बॅच बायकांची. बायकांना नऊच्या आधी सवडच नसायची, त्यामुळे तसा नियम न करताच तो पडला होता. त्यातही अडचण अशी, की परक्या पुरुषाशेजारी गाडीत बसून एकटी बाई रस्त्यावर फिरायला लागली तर चाळीच्या गॅलऱ्यांना काम मिळायचं. म्हणून बाबांनी सोय काढली, की नऊच्या बॅचला मागच्या सीटवर मी बसायचं. मी तेव्हा अकरावी-बारावीत होते. नऊची बॅच संपताना बाबा मला विरार पश्चिमेला कॉलेजच्या दारात सोडायचे. माझं सगळं रसायनशास्त्र मी त्या सीटवर बसून वाचलं आहे आणि त्यातलं निम्मं गाडीच्या आचक्यांनी विसरले आहे.

कारण नऊच्या बॅचला गाडी आचके द्यायची. नीट चालता चालता मध्येच इंजिनाचा सूर तुटायचा, फट् असा आवाज यायचा, गाडी पुढे जाते न जाते तोच मागे ओढल्यासारखी व्हायची, आणि दोन-चार वेळा असं झालं की सरळ बंद पडायची. गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिनात चार नळकांडी, चारही आळीपाळीने पेट घेतात. चौघी बायका एका उखळात मुसळं चालवत असताना एकीचं मुसळ वरच राहावं, तसं एखादं नळकांडं आपली पाळी चुकवतं आणि सगळ्यांचा ताल बिघडतो. बाबांना मिसिंग ओळखता येत नव्हतं असं नाही. वीस वर्षं त्यांनी गाडी हाकली होती. पण गाडीत बसलेला माणूस नवशिका असला की आचका गाडीचा आणि आचका पायाचा यांतला फरक कुणाला सांगता येणार? क्लच झटकन सोडला तरी गाडी तशीच उडी मारते. शिकाऊ गाडीने आचके द्यायचे नाहीत तर कुणी द्यायचे? आणि ते बहुतेक नऊच्या बॅचलाच येत होते. बाबांनी त्यातून सोपा निष्कर्ष काढला: बायकांच्या पायात ताल नाही.

तरी त्यांनी गाडी दोनदा गॅरेजात दाखवली. दुपारी जेवून, झोप काढून, चार वाजता न्यायचे. तिथला माणूस प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटरमध्ये फुंकर मारून “कचरा होता” म्हणायचा, आणि ठिणगी काढून दाखवायचा. ठिणगी छान निळी, करकरीत. बाबा स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून यायचे, गाडी लोण्यासारखी चालायची. “बघ,” मला म्हणायचे, “गाडी ठणठणीत आहे. दुखणं ड्रायव्हरचं आहे.”

आणि हे दुखणं ते फार बोलून दाखवायचे. गाडी बंद पडली की उतरून बॉनेट उघडून ठेवायचे, रेडिएटरला वारा लागावा म्हणून, आणि तिथेच उभे राहून काचेतून त्या बाईला सुनवायचे. “बाई, पाय आहे की मुसळ?” “स्वयंपाकघरातून बाहेर पडलात खरं, पण पाय अजून चुलीपाशीच आहेत.” चांगली दहा-पंधरा मिनिटं हे चालायचं. मग स्वतः बसून गाडी चालू करायचे आणि ती मुकाट्याने चालायची. बाई रडवेल्या तोंडाने शेजारच्या सीटवर. दीड-दोन वर्षांत सात बायकांनी शाळा मधूनच सोडली. आज हे लिहिताना मला बाबांचा राग येतो आणि त्यांच्या बाजूने हसूही येतं, कारण मनाने ते दुष्ट नव्हते. एवढंच, की आपली गाडी आणि आपलं ज्ञान या दोन गोष्टींवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

सात जणींतली पहिली माझी आई होती. शाळा निघाली तेव्हा बाबाच म्हणाले होते, “तू शिक. बाईला बाई शिकवायला असली तर चाळीच्या चाळी रांग लावतील.” आईचे डोळे असे चमकले होते, की मला तो क्षण अजून दिसतो. डबे उरकून, साडीचा पदर कमरेला खोचून ती नऊला गाडीत बसायची आणि मी मागे. पहिला आठवडा बरा गेला. मग आचके सुरू झाले, बाबांचा आवाज चढायला लागला, आणि एके दिवशी रेल्वे फाटकावर, रुळांच्या अलीकडेच, गाडी बंद पडली. मागे टेम्पो, रिक्षा, दुधाच्या सायकली. हॉर्नचा नुसता कल्लोळ. आईने दोनदा किल्ली फिरवली. बाबा ओरडले, “उतर! उतर आधी! तुझ्या हातात गाडी नाही, कधी येणारही नाही!” आई उतरली. एवढ्या लोकांच्या देखत ती गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येईल असं मला वाटलं होतं. ती आलीच नाही. पर्स काखेत धरून घराच्या दिशेने चालत गेली. मी मागच्या सीटवरून उतरून तिच्याबरोबर जायला हवं होतं. मी उतरले नाही. पुस्तक तोंडासमोर धरून बसले. आईने त्या दिवसानंतर गाडीला हात लावला नाही, ओवाळायलासुद्धा नाही. दसऱ्याला गाडीची पूजा बाबा एकटेच करू लागले.

आता फिलोमिना टीचर. अगाशीकडच्या वाडीतल्या, वसईच्या जुन्या कॅथलिक घरातल्या, दुपारच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या अविवाहित बाई. म्हाताऱ्या वडिलांना सारखं डॉक्टरकडे न्यावं लागायचं म्हणून त्यांना गाडी शिकायची होती. घरात बोलताना त्यांची बोली वेगळीच असायची, मला चार शब्द कळले तर कळायचे, पण आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलत. येताना वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणायच्या, केळीच्या सोपात बांधलेली, मधासारखी गोड. बाबा ती खायचे आणि त्यांनाच रागवायचे. “टीचर, तुमच्या पायात ताल नाही,” असं बाबांनी त्यांना तिसऱ्याच दिवशी सांगितलं. टीचर शांतपणे म्हणाल्या, “सर, मी पंधरा वर्षं आमच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवते.” मागे मी ओढणी तोंडात कोंबली. बाबा म्हणाले, “पेटी वेगळी, गाडी वेगळी.”

मग टीचरच्या शाळेत परीक्षा आल्या. आठवडाभर त्यांची सकाळपाळी होती, म्हणून त्यांनी सहाची बॅच मागून घेतली, आणि सहाच्या बॅचचे बँकेतले कुलकर्णी नऊला आले. सोबतीला म्हणून मला सहाला डोळे चोळत गाडीत बसावं लागलं, आणि नऊला कॉलेजला जायचं म्हणून पुन्हा. म्हणून हा तमाशा दोन्ही बाजूंनी बघणारी मी एकटीच ठरले. सहाला टीचरनी गाडी अशी चालवली की कपातला चहा हिंदकळू नये. आणि नऊला कुलकर्णी, जे चार दिवसांत लायसन्स काढणार होते, फाटकापर्यंत जाईतो दोनदा बंद पडले. बाबांनी बॉनेट उघडलं आणि सुरू केलं, “कुलकर्णी, बायकांच्या बॅचला आलात आणि बायकांसारखी चालवायला लागलात!” कुलकर्णी लाल झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला गाडीतलं तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण घड्याळ कळत होतं. माणूस बदलला आणि दुखणं नऊलाच राहिलं, याचा अर्थ दुखणं माणसाचं नाही.

मी हे घरी बोलून दाखवलं. बाबा जेवत होते. “बारावीत आहेस ना? रसायनाकडे बघ,” म्हणाले. आई ताटात कालवण वाढत होती. बाबांच्या ताटावरचा डाव वळवून तिने तो माझ्या ताटात रिकामा केला.

मग मी टीचरना सांगितलं. त्यांनी गणिताच्या बाईसारखं सगळं नीट ऐकून घेतलं, कुणाला किती वाजता, गाडी त्याआधी किती चाललेली, हे दोनदा विचारलं, आणि म्हणाल्या, “शुभदा, गाडी तापली की आजारी पडते गो. आणि तुझे पप्पा तिला थंड झाल्यावर डॉक्टरकडे नेतात.” त्यांच्या वाडीतल्या पाण्याच्या इंजिनाला अर्नाळ्याचा हरेश्वर नावाचा मिस्त्री यायचा. पूर्वी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात होता, आता गावी होड्यांची इंजिनं बघायचा. “आपण गाडी गरम असतानाच त्याच्या दारात नेऊ,” टीचर म्हणाल्या. परीक्षा संपल्यावर त्या पुन्हा नऊला आल्या आणि साळसूदपणे म्हणाल्या, “सर, आज अर्नाळ्याच्या रस्त्याने घ्या ना. मला सरळ रस्त्याचा सराव हवाय.” बाबांना गाडी लांब काढायचं कारण मिळालं की ते खूश असत. ते हो म्हणाले.

अगाशी मागे पडली आणि गाडी खोकायला लागली. टीचर ओठ आवळून, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत, तिला चुचकारत नेत होत्या. बाबांचं सुरू होतंच. “सोडा, सोडा क्लच, असं काय मारताय तिला!” सुक्या मासळीचा वास आला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि टीचरनी गाडी एका पत्र्याच्या शेडपुढे आणून उभी केली. इंजिन तसंच थरथरत चालू. बाबा सवयीने किल्लीकडे हात नेणार, तोच शेडमधून एक काळा, किडकिडीत, लुंगीतला माणूस धावत आला.

“बंद नको करू! बंद नको करू रे बाबा! चालू ऱ्हाऊ दे!”

हा हरेश्वर. टीचरनी त्याला निरोप धाडलेला होता, हे बाबांच्या आता लक्षात आलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोंबलांकडे पाहिलं.

“सर,” हरेश्वर बॉनेट उघडत म्हणाला, “तुमी गाडी कवा दाखवता गॅरेजला?”

“दुपारी. चारला.”

“म्हंजे ताप उतरल्यावर मानसाला डाक्टरकडं नेता. मंग डाक्टर काय बघनार? जीभ?”

त्याने बादलीतून एक फडकं काढलं, घट्ट पिळलं, आणि आधी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ठेवलं. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो म्हणून टॅक्सीवाले असं करतात, हे त्यानेच मला सांगितलं. आम्ही वाट बघितली. इंजिन तसंच अडखळत राहिलं. “पंप नाय,” तो म्हणाला. मग त्याने एका डब्यासारख्या काळ्या वस्तूकडे बोट नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. ती कॉइल. बॅटरीच्या साध्या विजेचा जोर वाढवून प्लगला ठिणगी पुरवते ती हीच. फडकं पुन्हा भिजवून, पिळून, त्याने तिच्याभोवती गुंडाळलं. चर्र आवाज आला, वाफ निघाली. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग इंजिनाचा सूर जुळला. तुटक फटफट जाऊन एकसारखी गुरगुर सुरू झाली. टीचरनी छातीवर क्रूसाची खूण केली. हरेश्वरने फडकं काढलं, विडी पेटवली, आणि आम्ही थांबलो. विडी संपायच्या आत गाडी पुन्हा अडखळू लागली. फडकं घातलं, पुन्हा सुरळीत. असं त्याने दोनदा करून दाखवलं, शाळेत मास्तर गणिताचा ताळा करून दाखवतात तसं.

“आतली तार कच्ची झालीया. गरम झाली का ठिनगी मरते, निवली का जिती व्हते,” हरेश्वर म्हणाला. मग खाली वाकून त्याने कॉइलच्या खालून जाणाऱ्या धुराच्या पाइपाकडे पाहिलं. “पन ही हितं कुनी बांधली? सायलेन्सरच्या डोक्यावर? ही कंपनीची जागा नाय.”

बाबांनी वाकून ती आवळलेल्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी.”

शाळेसाठी दुसरा क्लच बसवताना त्याची तार न्यायला जागा हवी होती. म्हणून त्यांनी कॉइल मूळ जागेवरून सोडवून, दुपारभर खपून, पत्र्याच्या पट्टीने तिथे आवळली होती. तेव्हा त्यांना आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, आम्हाला बोलावून दाखवलंही होतं. सहापासून तापत तापत नऊला तिचा दम संपायचा. बाबा बॉनेट उघडून पंधरा मिनिटं बोलायचे, तेवढ्यात ती निवायची, आणि मग त्यांच्या हातात गाडी नीट चालायची. म्हणजे बायकांना शिव्या घालता घालता ते स्वतःच गाडी दुरुस्त करत होते आणि श्रेय आपल्या पायांना देत होते. हे सगळं तिथे कुणी फोड करून सांगितलं नाही. बाबांच्या तोंडावरून मला दिसलं, की त्यांचं त्यांना कळत गेलं आहे.

ओलं फडकं तसंच बांधून टीचरनी गाडी परत आणली. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, “सर, माझ्या पायात ताल आहे ना?” बाबा खिडकीतून बाहेर केळीच्या वाड्या बघत होते. “आहे,” म्हणाले. “चांगला आहे.”

मी कॉलेज बुडवून घरी पळत आले. आई दारात बसून सुकट निवडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं ती उडी मारेल, हसेल, निदान बाबांना दोन शिव्या तरी घालेल. तिने सुकटीतला कचरा वेचणं थांबवलं नाही. वेचता वेचता विचारलं, “फाटकावर झालं, तेव्हासुद्धा?”

“तेव्हासुद्धा.”

आईने सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यात डोकं घालून रडली. आवाज न करता, नुसती पाठ हलत होती. दीड वर्ष ती माझ्यासमोर हसत-बोलत वावरली होती आणि तिला कधी रडू येऊ शकतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “आई, मी त्या दिवशी उतरले नाही.” ती म्हणाली, “तू लहान होतीस.” मी तेव्हा सोळा वर्षांची होते, म्हणजे फार लहान नव्हते, आणि हे तिलाही माहीत होतं.

बाबा दोन दिवस सुट्या भागांच्या दुकानांत हिंडले. नवी कॉइल आणली, मडगार्डच्या बाजूला, वाऱ्याच्या जागी बसवली, आणि नऊची बॅच सहाच्या बॅचसारखी चालू लागली. आईशी मात्र एक शब्द नाही. आमच्या घराण्यात पुरुषांनी चूक कबूल करायची पद्धतच नव्हती. आजोबा चुकले की गावाला निघून जात. मला वाटलं बाबा तेच करणार. पण रविवारी सकाळी त्यांनी आरटीओच्या दिवशी घालायचा पांढरा शर्ट काढला, मला म्हणाले, “चल. बायकांकडे एकटा कसा जाऊ?”

शाळा सोडून गेलेल्या सगळ्या जणींच्या घरी आम्ही गेलो. पत्ते त्यांना पाठ होते. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसे ते प्रत्येक दारात उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आत या म्हटलं तरी जायचे नाहीत, आणि पाठ केल्यासारखं एकच म्हणायचे, “ताई, तुम्ही माझ्याकडे गाडी शिकायला येत होतात. गाडी बंद पडायची ती तुमच्यामुळे नाही. कॉइल मी चुकीच्या जागी बसवली होती. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो, ते माझं चुकलं. शिकायचं असेल तर परत या.” तुळिंजला एकीचा नवरा म्हणाला, “बरं झालं सुटली, आता कशाला पुन्हा?” आणि दार लावलं. एक जण घर सोडून कल्याणला गेली होती. आमच्याच चाळीमागच्या सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, जरा मोठ्याने सांगा. सासूबाई आत आहेत, त्यांना कमी ऐकू येतं.” बाबांनी घसा खाकरला आणि मोठ्याने, शब्दन् शब्द, पुन्हा सांगितलं. परत येताना त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मला आयुष्यात त्यांचा एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही. अगदी पुढे त्यांच्याकडे शिकलेल्या रिक्षावाल्यांनी त्यांचा सत्कार केला तेव्हाही नाही.

दुपारचे दोन वाजले होते. भुकेने मी थेट घरात शिरणार, तर बाबांनी माझा दंड धरला. आमचं दार उघडंच होतं. त्यांनी कडी वाजवली. चपला पायातच, उंबऱ्याच्या बाहेर. आई ओले हात पदराला पुसत आली आणि आपल्याच नवऱ्याला दारात असं उभं बघून थबकली.

“तुम्ही माझ्याकडे गाडी शिकायला येत होतात,” बाबा म्हणाले. ‘ताई’ तेवढं गाळलं होतं. बाकी सगळं तेच, अहो-जाहोसुद्धा तेच. “गाडी बंद पडायची ती तुमच्यामुळे नाही. कॉइल मी चुकीच्या जागी बसवली होती. मी तुम्हाला फाटकावर…” इथे ते अडखळले. पाठ केलेलं संपलं होतं. “फाटकावर नको ते बोललो. लोकांसमोर. ते माझं चुकलं. शिकायचं असेल तर परत या.”

शेजारच्या भाभी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या थांबल्या. आई बाबांकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आता “आत या, जेवण निवतंय” म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल, जसे आमच्याकडचे सगळे विषय मिटायचे.

“नऊला नाही येणार,” आई म्हणाली. “सहाची बॅच द्या.”

“आता नऊलाही गाडी चांगली चालते.”

“गाडीसाठी नाही म्हणत. सहाला मी ताजी असते. नऊपर्यंत माझ्यात काही उरत नाही.”

बाबांनी मान हलवली. मग जरा वेळाने त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “आणि डबे?”

“डबे तुम्ही करा.”

दुसऱ्या दिवशी नळाच्या फुसफुशीला मी जागी झाले तेव्हा स्वयंपाकघरात बाबा होते. गंजीफ्रॉक, कमरेला आईचं फडकं, बोटाला बटाटा कापताना झालेली जखम. कढईतली फोडणी करपत आली होती आणि घरभर धूर. आई आरशासमोर शांतपणे साडीला पिना लावत होती. बाबांनी मिठाची बरणी हातात धरून, मागे वळून, घाबरत विचारलं, “मीठ किती घालू?”

“अंदाजाने घाला,” आई म्हणाली. “चुकलं तर सांगीन. ओरडणार नाही.”